सातव्या परिच्छेदावर अडलेली सही

हरेश,

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. तुझ्या बाराव्याला तुमच्या गावी, घिवलीत, मांडवाखाली तेच चाललं होतं. मनमिळाऊ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी खुर्चीवर गप्प बसून मनात म्हणत होते, साफ खोटं! हा माणूस एक नंबरचा हट्टी होता. एका परिच्छेदासाठी याने मला तीन आठवडे झुलवलं आणि सही न करताच निघून गेला. हे तिथे कुणाला सांगणार? तुझ्या बायकोला, सुरेखाला, तर नाहीच. म्हणून तुलाच सांगते.

आपली ओळख पालघरच्या कॉलेजातली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघं होतो. तुझं टायट्रेशन पहिल्या फटक्यात जुळायचं आणि मी तुझे आकडे बघून माझे जुळवायची. पुढे तू बोईसरला एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात लागलास, तिथेच टिकलास, शिफ्ट इन्चार्ज झालास. मी पेटंट एजंटची परीक्षा देऊन पालघरला ऑफिस टाकलं. लोकांचे शोध कागदावर नीट मांडून पेटंटसाठी पाठवायचे, आणि कुणी हक्क नसताना पेटंट मागत असेल तर त्याला विरोध करायचा, हे माझं काम. मी वकील नाही हे शंभरदा सांगूनही तू मला शेवटपर्यंत वकीलबाईच म्हणालास.

सात वर्षांपूर्वी एका शनिवारी तू ऑफिसात आलास. हातात आलेख-कागदांची गुंडाळी होती, घामाने तिचं एक टोक मऊ पडलेलं. तू ती माझ्या टेबलावर पसरलीस आणि कोपरे उडू नयेत म्हणून माझा स्टेपलर, शाईचा पॅड, चहाचा कप, जे हाती लागलं ते त्यावर ठेवलंस. तुझ्या खात्यात मशीनं थोडी आणि रंगवायचे लॉट भरपूर. काळा रंग काढला की मशीन कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर पुढच्या फिकट कापडावर डाग पडतात. त्या धुण्यात वेळ जातो, पाणी जातं, आणि ते घाण पाणी शेवटी कुठे जातं ते बोईसरला कुणाला सांगायला नको. म्हणून सगळे कारखाने फिकट रंग आधी घेतात आणि गडद शेवटी. तू वेगळंच काहीतरी केलं होतंस.

कोरं कापडसुद्धा रंगवण्याआधी कॉस्टिकमध्येच उकळावं लागतं. तू म्हणालास, काळ्यानंतर मशीन मुद्दाम धुवायचंच नाही. त्यात कोरं कापड उकळायला टाकायचं, पण तेच कोरं कापड, ज्याला नंतर दुसऱ्या मशीनवर काळंच व्हायचं आहे. त्याला थोडा डाग लागला तरी काय बिघडतं? ते उकळून निघेपर्यंत मशीन धुतलं गेलेलं असतं. मग त्यात खुशाल पांढरा घ्या, गुलाबी घ्या. कुठला लॉट कधी कुठल्या मशीनवर टाकायचा, म्हणजे हे रोज जमून येईल, त्याची रीत तू पायरीपायरीने, बाणांनी, चौकटींनी लिहिली होतीस. कॉम्प्युटरला शिकवावी इतकी नेटकी. अकरा महिने त्यात घातले होतेस.

मी ते दहा मिनिटांत वाचलं आणि म्हटलं, “हरेश, हे ऑब्विअस आहे रे. कुणालाही सुचेल. पेटंट नाही मिळायचं.”

दुसरं कारणही होतं. काम मांडायच्या नुसत्या रीतीला, अल्गोरिदमला, आपला कायदा पेटंट देत नाही. तेवढंच सांगितलं असतं तरी तुझं समाधान झालं असतं. पण मला हुशारी दाखवायची खाज. तू “अच्छा” म्हणालास. कपाखाली ओला गोल उमटला होता तो रुमालाने टिपलास, गुंडाळी केलीस, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस आणि गेलास. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार माणूस आहे, पटलं त्याला. त्यानंतर तू त्या रीतीचा तक्ता करून खात्याच्या भिंतीवर लावलास आणि काम सुरू केलंस, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

आणि मग मागच्या वर्षी त्या सॉफ्टवेअर कंपनीचा अर्ज माझ्यासमोर आला. रंगाईच्या कारखान्यासाठी लॉटांचा क्रम लावणारी संगणकीय पद्धत. नुसता अल्गोरिदम चालणार नाही म्हणून त्यांनी त्याला मशीनचे व्हॉल्व्ह आणि सेन्सर जोडले होते. बाकी आत तूच होतास. काळ्यानंतर कोरं कापड, तेही पुढे काळं होणारं. मी वाचता वाचता खुर्चीतून उठून उभी राहिले. त्यांनी कुठून उचललं असं मी म्हणत नाही. त्यांचं त्यांना सुचलं असेल, शक्य आहे. पण त्यांना पेटंट मिळालं तर बोईसर-तारापूरच्या रंगाईवाल्यांना तुझी पद्धत त्यांच्या परवानगीशिवाय वापरता येणार नव्हती. तुझ्या खात्यालासुद्धा नाही. तुझ्याच शेठने आणखी तीन कारखानदारांना गोळा केलं आणि विरोधाचं काम माझ्याकडे दिलं.

माझ्या हातात दोन मुद्दे होते. एक, ही पद्धत आधीपासून उघडपणे वापरात आहे. त्याला तूच साक्षीदार. पण तुझा तक्ता कारखान्याच्या फाटकाच्या आत लागलेला, आणि फाटकाच्या आतल्या गोष्टीला उघड म्हणायचं की नाही यावर समोरचा वकील तासभर कीस पाडू शकतो. म्हणून माझी सगळी भिस्त दुसऱ्या मुद्द्यावर होती. ही पद्धत सहज सुचण्याजोगी आहे.

आता हे सिद्ध करणं म्हणजे काय, ते तुला मी दहादा समजावलं होतं. सोपं आहे, सोपं आहे असं ओरडून पेटंट ऑफिसात काही होत नाही. अर्जाच्या आधीचे जुने कागद दाखवावे लागतात. त्या कागदांत शोधाचे तुकडे दाखवावे लागतात. आणि मग खरी मेख, त्या धंद्यातल्या साधारण जाणकार माणसाने ते तुकडे एकमेकांना का जोडले असते, याचं कारण द्यावं लागतं. तेही उत्तर माहीत नाही असं धरून. उत्तर बघितल्यावर कुठलंही कोडं सोपंच वाटतं, आणि कायद्याला माणसाची ही खोड चांगली ठाऊक आहे.

मी कागद जमवले. तुझ्या खात्यातलं रंगाईचं ते जुनं, तेलकट पानांचं हातपुस्तक तूच दिलंस. त्यात एकाच पानावर दोन्ही गोष्टी होत्या. गडद रंगानंतर मशीन कॉस्टिकने उकळा, आणि कोरं कापड कॉस्टिकने उकळा. जोडीला लॉटांचा क्रम कॉम्प्युटरने लावण्यावरचा एक जुना लेख. शिवाय तुझं आठ परिच्छेदांचं प्रतिज्ञापत्र. पहिल्या सहांत तू काय केलंस, कधीपासून केलंस. आठव्यात नेहमीचं, वरील मजकूर खरा आहे. आणि मधला सातवा असा: “सदर पद्धत रंगाईच्या व्यवसायातील कोणत्याही साधारण जाणकार व्यक्तीस सहज सुचण्याजोगी आहे.”

ते घेऊन मी रविवारी घिवलीला आले. तीन आठवडे तू आज नको, उद्या बघू करत होतास, म्हणून मीच येऊन धडकले. सुरेखा बाहेर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टाकत होती. तू पडवीत बसून चष्मा नाकावर ओढून एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवत गेलास, आणि सातव्या परिच्छेदाभोवती एक गोल काढलास.

“बाकी सगला बरोबर हाय. हा काड.”

“का?”

“खोटा हाय.”

“खोटा कसा? कायद्याची भाषा आहे ती.”

“सहज सुचन्याजोगी, असं लिवलंयस. कोनाला सुचली गो? नाव सांग.”

“नाव नसतं, हरेश. साधारण जाणकार माणूस म्हणजे कायद्याच्या कल्पनेतला माणूस.”

“मंग सही पन त्याचीच घे.”

मला हसू आलं, पण रागही आला. मी विचारलं, तुला मुळात हे सुचलं तरी कुठून? इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तू आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवलंस. कालवण संपलं की कढईला मसाला चिकटून राहतो, त्यात आपण भात टाकतो, फिरवून पुसून घेतो आणि खातो. भाताचा भात होतो आणि कढईही निघते. जेवताना एकदा तू ते बघितलंस आणि हातातला घास तसाच राहिला. मी टाळीच वाजवली. म्हटलं, हेच तर मी म्हणतेय! प्रत्येक घरात रोज होतं ते. याहून ऑब्विअस दुसरं काय असणार?

“तू पन रोज कढई पुसून खातेस ना?” तू म्हणालास. “मंग तुला का नाय सुचलं?”

बाहेरून सुरेखा ओरडली, “कढई माजी, भात माजा, नि पेटंट भलत्याचाच!” आपण तिघंही पोट धरून हसलो. तेव्हाच उठून निघाले असते तर किती बरं झालं असतं.

पण मी वादात माघार घेणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, बघ, तुला सुचलं, त्या कंपनीलाही सुचलं. एकमेकांना न विचारता दोघांना सुचलं म्हणजे ते सोपंच असणार. तू म्हणालास, “दोगांना सुचलं. बाकीच्या हजारांना नाय सुचलं त्याचं काय?” मग तू सोबतचे कागद चाळायला लागलास आणि हातपुस्तकाच्या झेरॉक्सवर थांबलास. पान उलटून बघितलंस. मागे कोरं.

“याच्या फुडचं पान कुटं हाय?”

“ते लागत नाही.”

“लागत नाय कसं? फुडच्या पानावर चौकटीत लिवलंय, कोरं कापड न धुतलेल्या मशीनमदे कदीच घालू नका. आमी नवे होतो तेवा पाठ करून घेतलेलं आमच्याकडनं.”

हरेश, मला ते पान माहीत होतं. मी ते मुद्दाम लावलं नव्हतं. पुस्तक ज्या गोष्टीला करू नका म्हणतं, तीच कुणी करून दाखवली, तर ती सहज सुचली असं म्हणता येत नाही. हे मी दुसऱ्यांच्या केसमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलेलं आहे. आणि इथे एक पान गाळून मी तुझ्याकडून सही मागत होते. ज्या पुस्तकाने तुला नको म्हटलं होतं, त्याच पुस्तकाचा आधार घेऊन मी म्हणत होते की तू काही विशेष केलं नाहीस.

चोरी पकडली गेली की माणूस आवाज चढवतो. मी चढवला. म्हटलं, “तुला पद्धत वाचवायचीय की स्वतःचं कौतुक करून घ्यायचंय? सही केलीस की तू साधारण माणूस ठरतोस, तेच टोचतंय तुला. गावभर मिरवायचं होतं ना!”

तू कागद टेबलावर ठोकून सारखे केलेस, क्लिप लावलीस, माझ्या हातात दिलेस. म्हणालास, “बगतो मी. बोंबील घेऊन जा थोडे.” सुरेखाने पिशवी भरून दिली. मी स्कूटी सुरू करून निघाले, मागे वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. रोज वाटायचं, याने आधी करावा. चूक माझी, आणि फोन त्याने करावा! सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सुरेखाच्या भावाचा फोन आला. अंघोळीला पाणी काढता काढता तू खाली बसलास तो उठलाच नाहीस. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? सही राहिली. तू गेलास हे नंतर. आधी सही. त्या एका क्षणाची मला इतकी लाज वाटते की बाराव्याला सुरेखाने मिठी मारली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवायला मला जड गेलं.

ते बोंबील अजून तसेच आहेत. आई रोज विचारते, करू का? मी रोज नको म्हणते.

तुझे उपकार मोजायला बसले तर तू वैतागशील, पण आज ऐकून घे. माझ्या ऑफिसचं पहिलं काम तू आणून दिलंस. केमिकलची कुठलीही केस आली की मी तुला फोन करायची आणि तू ड्युटीवरून सुटल्यावर, घरी न जाता, पालघरला येऊन माझ्या समोर बसायचास. अमुक टाकी अशी का असते, तमुक पाइप तिरका का घालतात, कागदाच्या पाठीवर काढून दाखवायचास. माझ्या निम्म्या अर्जांत तुझी चित्रं आहेत. कुठेच तुझं नाव नाही. तू कधी मागितलं नाहीस, आणि मला कधी सुचलं नाही.

तू गेल्यावर साक्षीदार शोधायला मी बोईसरला गेले. रामबरनची शिफ्ट सुटायची वाट बघत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिले. तुझा मशीन ऑपरेटर, वीस वर्षं त्या मशीनवर घालवलेला. कायद्याला हवा असलेला साधारण जाणकार माणूस रक्तामांसाचा कुठे असेल तर तो हाच, हे मला तिथे उभी असतानाच लक्षात आलं. मी त्याला सरळच विचारलं, हरेशने सांगितलं नसतं तर तुम्हाला हे सुचलं असतं का?

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “सच बोलूँ मैडम? हम तो पहले दिन मना कर दिए थे। बोले, कोरा कपड़ा गंदी मशीन में नहीं डालेंगे, नौकरी चली जाएगी। तो हरेश भाई अपने हाथ से डाले। बोले, खराब हुआ तो मेरा नाम लिख देना।” मग म्हणाला, “बीस साल से हैं। सूझना होता तो एक बार तो सूझता।”

माझा दुसरा मुद्दा तिथे टपरीवरच संपला. पण रामबरनचं बोलणं संपलं नव्हतं. तो म्हणाला, हरेश भाई ते सगळ्यांना शिकवायचे. दुसऱ्या कारखान्यांचे ऑपरेटरसुद्धा इथे चहाला येत, आणि तू सिगारेटच्या पाकिटावर, पेपरच्या कपट्यावर, जे मिळेल त्यावर बाण काढून त्यांना समजावून द्यायचास. मी विचारलं, लपवलं नाही कधी? रामबरन म्हणाला, “छुपाते काहे? बोलते थे, मेरी एक दोस्त है, बहुत पढ़ी-लिखी, वो देख के बोली कि ये तो कोई भी कर लेगा। तो करो सब लोग।”

हरेश, मी त्या टपरीवर, ट्रकच्या धुरात, सगळ्यांच्या देखत रडले. टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. माझ्या एका उद्धट वाक्यावर तू विश्वास ठेवला होतास. आणि विश्वास ठेवून काय केलंस, तर ती गोष्ट वाटून टाकलीस. फाटकाच्या बाहेर. आता मला जो पुरावा हवा होता, तो माझ्याच त्या वाक्यामुळे तयार झाला होता. त्याचा आनंद कसा मानायचा ते मला अजून कळलेलं नाही.

रामबरन आणि दुसऱ्या कारखान्यांतले दोघं, अशी तिघांची प्रतिज्ञापत्रं केली. कोळगावला कलेक्टर ऑफिससमोर नोटरीच्या टेबलापाशी तिघं ओळीने उभे राहिले. कुणाच्याही कागदात सातवा परिच्छेद नव्हता. एकाजवळ तू काढून दिलेला कपटा असेल अशी आशा होती, पण कुणी जपून ठेवला नव्हता. कोण कशाला ठेवेल? नुसत्या तोंडी सांगण्याला किती वजन मिळेल, देव जाणे.

मग शेठकडे गेले. सहज सुचण्याजोगं आहे, हा मुद्दा मी सोडते आहे, असं सांगितलं. शेठ चमकले. “मॅडम, तुम्ही आमच्याच बाजूने आहात ना?”

मी पुढच्या पानाचं सांगितलं.

“त्यांच्या वकिलाला ते पान सापडलंच नाही तर?”

“मला सापडलंय,” मी म्हटलं. “तुम्हाला हा मुद्दा लढवायचाच असेल तर दुसरा माणूस बघा. मी सगळे कागद त्याला देईन.”

शेठ पंख्याकडे बघत म्हणाले, “हरेश असता तर काय म्हणाला असता?” मी म्हटलं, तो ते सांगूनच गेलाय. शेठनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही, आणि माझीही गेली नाही. कारण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चार कारखान्यांतल्या लोकांचं काम माझ्या हातात होतं आणि त्यातला अर्धा आधार मी स्वतः काढून टाकत होते.

सुनावणी गेल्या गुरुवारी झाली. आता ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरच होते. मी पालघरच्या ऑफिसात, पेटंट ऑफिसचे साहेब त्यांच्या खोलीत, कंपनीचा वकील त्याच्या. मी आधीच्या वापराचा मुद्दा मांडला. टपरी कुठे आहे, फाटकापासून किती पावलांवर, तिथे कोण कोण यायचं, सगळं. साहेबांनी आमच्या आक्षेपांची यादी बघितली आणि विचारलं, “सहज सुचण्याजोगी आहे, हा आक्षेप तुम्ही मागे घेताय?”

“हो साहेब.”

वकील लगेच पुढे सरसावला. म्हणाला, शोधाला विशेष बुद्धी लागली हे विरोधकांनाच मान्य आहे, याची नोंद व्हावी. त्याचं हसू पडद्याच्या छोट्या चौकटीतही दिसत होतं. साहेबांनी मला विचारलं, मागे घेण्याचं कारण? कारण न देण्याची मला मुभा होती. शेठ शेजारी बसले होते, त्यांनी टेबलाखालून हाताने थांबा अशी खूण केली.

मी म्हटलं, “साहेब, ही पद्धत अर्जदारांच्या आधी ज्यांनी शोधली, त्यांनी ती सात वर्षांपूर्वी मला दाखवली होती. मी त्यांना सांगितलं की हे कुणालाही सुचेल. ते माझं चुकलं होतं. मला सुचलं नसतं. त्यांच्या मशीनवरच्या माणसालाही सुचलं नाही. पुस्तकात तर करू नका असं छापलेलं आहे. त्यांना सुचलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट दिलं.”

साहेब म्हणाले, “हे रेकॉर्डवर घ्यायचं?”

“घ्या साहेब.”

“त्यांचं पूर्ण नाव सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी एकदा शुद्धलेखन विचारून घेतलं.

निकाल राखून ठेवलाय. रामबरनचा काल फोन आला होता, तब तक ऐसे ही चलाएँ न मैडम? मी हो म्हटलं. हरलो, तर हेच काम त्याला थांबवावं लागेल, आणि त्यात माझा हात असेल. तू यावर मला शाबासकी दिली असतीस की शिव्या घातल्या असत्यास, खरंच सांगता येत नाही. तुला नावाची हौस नव्हती. सगळ्यांनी वापरावं एवढंच तुला हवं होतं, आणि कदाचित मी तुझं नाव लागावं म्हणून तेच घालवून बसले असेन. या विचाराने गेले पाच दिवस जेवण गोड लागत नाही. तू असतास तर पडवीत बसून यावर आणखी एक भांडण झालं असतं आणि मला निदान कळलं असतं.

एवढं मात्र घडलं. मला सुचलं नसतं, हे तीन शब्द तुझ्या तोंडावर म्हणायला मला सात वर्षं मिळाली होती. शेवटी ते मी एका अनोळखी माणसाला सांगितले, आणि त्याने ते टाइप करून घेतले.